घोडा इथेही आला होता

आई, तुझा पणतू घराबाहेर बोलत नव्हता. एवढंच सांगायला बसले होते, पण तुला एका वाक्यात सांगितलेलं कधी पुरायचं नाही. हॉस्पिटलमधून ड्यूटी करून आल्यावर मोरीत पाय धुता धुता आमची शाळेची हकीकत ऐकायचीस आणि आम्ही थांबलो की म्हणायचीस, "मग? पुढे?" म्हणून क्रमाने लिहिते.

तुझा नातू ठाण्याची नोकरी सोडून बायकोमुलांसह इथे दोह्याला आला त्याला आता सहा महिने होतील. फुटबॉलच्या वर्ल्डकपसाठी इथे स्टेडियमं बांधताहेत, त्यातल्या एकाच्या एसीचं काम त्याच्याकडे आहे. हो, उघड्या मैदानाला एसी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तू माझ्याकडे जशी बघायचीस तशीच मी त्याच्याकडे बघत राहिले. जून लागला, मुलांना सुट्ट्या पडल्या आणि सुनेचा फोन आला, "मम्मी, तुम्ही या. मला एकटीला जमत नाहीये." ती तक्रार करणारी मुलगी नाही, म्हणून प्रश्न न विचारता बॅग भरली. तुझं पितळी ताट, माझ्या लग्नात तू दिलेलं, ते परकरात गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातलं. का घातलं ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

अल सद्दमध्ये सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे. खाली भाजीवाला, इस्त्रीवाला, डोसे मिळणारं हॉटेल, जिन्यात चार भाषा. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. तू जन्मभर शनिवारच्या ड्यूटीवरून मेट्रनशी भांडलीस आणि तुझ्या नातवाला शब्बाथची सुट्टी अशी आयती मिळाली, तीही इथे. शुक्रवारी संध्याकाळी सून पडदे ओढून दिवे लावते. पडदे ओढण्याचं कारण पहिल्याच दिवशी तुझ्या नातवाने सांगितलं. "मम्मी, ज्यू म्हणून आपल्याला इथे कोणी काही त्रास दिलेला नाही. पण नवीन जागा, नवीन नोकरी. उगाच विषय कशाला? घरातलं घरात." आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यामुळे बिल्डिंगमधली मराठी माणसं आम्हाला कोकणातले म्हणून ओळखतात, आणि ते काही खोटं नाही. फक्त एकदा शेजारच्या नाशिकच्या बाई कोळंबीभाताचा डबा घेऊन आल्या.

"घ्या हो, खास तुमच्यासाठी केलाय. कोकणातली माणसं तुम्ही."

सून म्हणाली, "अय्या, आम्हाला कोळंबी चालत नाही. ॲलर्जी आहे."

"कुणाला?"

"सगळ्यांना. घराण्यातच आहे."

"आणि पापलेट?"

"पापलेट चालतं."

"कमालच आहे बाई तुमच्या घराण्याची," असं म्हणत त्या डबा परत घेऊन गेल्या. खवलं नसलेलं आपल्या धर्मात चालत नाही, हे त्यांना कोण सांगणार? दार लागल्यावर सून आणि मी पोट धरून हसलो. तुझा पणतू सोफ्याच्या हातावर बसून आमच्याकडे बघत होता. तो हसला नाही. तेव्हा ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मुलं दोन. मोठी मुलगी आठ वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. धाकटा पाच वर्षांचा. घरात तो रेडिओ आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून सुरू. टाइल्सवरच्या मुंगीला नाव ठेवतो, वॉशिंग मशीनशी भांडतो. आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की बंद. लिफ्टमध्ये बंद, दुकानात बंद. आजारी नाही, रुसलेला नाही, ओठ मिटून शांतपणे चालतो, झालं. ऑगस्टच्या शेवटी अल दुहैलच्या एका शाळेत त्याची मुलाखत होती. एका शाळेने आधीच सौम्य शब्दांत नकार दिला होता, मूल एक शब्द बोललं नाही म्हणून. सुनेने मला स्वयंपाकघरात स्पष्ट सांगितलं, "इथेही नाही बोलला तर मी दोघांना घेऊन ठाण्याला येते. हा राहील इथे एकटा. मुलाचे असे हाल मला बघवत नाहीत." तुझा नातू बाहेरच्या खोलीत ऐकत होता. त्या घरात न बोलणारे एकाहून जास्त होते.

मी म्हटलं, मुलाला बाहेर काढा. घरात एसीत कोंडून ठेवलेलं मूल कुणाशी बोलणार? जन्मभर वर्गात विज्ञान शिकवलं, न बोलणारी मुलं मी पुष्कळ बोलती केली आहेत. मग आमच्या सहली सुरू झाल्या. उन्हाळ्यात इथे दिवसा बाहेर पडायची सोय नाही, हवा इस्त्रीसारखी अंगावर फिरते. एक दिवस मॉलमध्ये, जिथे आत बर्फावर मुलं घसरतात. एक दिवस नुकत्याच सुरू झालेल्या मेट्रोत, नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत, कारण ती बिनड्रायव्हरची आहे आणि पुढच्या काचेशी उभं राहता येतं. जुन्या बाजारात पिंजऱ्यातले पोपट बघितले. संध्याकाळी समुद्राकाठी पाय मोकळे केले. सगळीकडे कोणी ना कोणी प्रेमाने विचारायचं, "व्हॉट्स युअर नेम, हबीबी?" आणि सगळीकडे मोठी पुढे व्हायची. "ही इज शाय, अंकल." मी त्याला खांद्याला धरून समोर उभं करायची. "नाव सांग काकांना. स्पष्ट." तो माझ्याकडे बघायचा. त्या नजरेत हट्ट नव्हता, आई. दया होती. जणू मलाच काही समजत नव्हतं.

शेवटी एका दुपारी त्याला आंघोळ घालताना सरळ विचारलं. पाणी इथे नळातून गरमच येतं, म्हणून बादली आधी भरून निवत ठेवावी लागते. तो तिच्यात प्लास्टिकची बोट फिरवत होता.

"काय रे, बाहेर का नाही बोलत?"

"पप्पांनी सांगितलंय. घरातलं बाहेर बोलायचं नाही."

"बरोबर. ते नको बोलू. बाकीचं बोल की."

"कुठलं बाकीचं?" त्याने बोट थांबवली. "फ्रायडे घरातला. दिवे घरातले. प्रॉन्स घरातले. माझं नाव पण घरातलं, पप्पा म्हणाले लोक विचारतात हे कुठलं नाव. तू पण घरातली." थोडा विचार करून म्हणाला, "दूध बाहेरचं आहे, ग्रोसरीतून येतं. पण दुधाबद्दल काय बोलणार?"

मी त्याच्या डोक्यावर तांब्या ओतला, म्हणजे माझं तोंड त्याला दिसू नये. पाच वर्षांच्या पोराने आख्खं घर नीट तपासून बघितलं होतं. काय सांगायचं आणि काय नाही याची रेघ त्याला सापडेना, तेव्हा त्याने धोका नको म्हणून सगळंच बंद करून टाकलं होतं. आज्ञा मोडून गप्प बसणारी मुलं मी पाहिली होती. आज्ञा इतकी चोख पाळणारं हे पहिलंच.

तुझ्या नातवाला हे सांगितलं. त्याच संध्याकाळी त्याने पोराला समोर बसवून इंजिनियरच्या पद्धतीने समजावायला घेतलं. हे बोललेलं चालेल, हे नाही, हे कोणी विचारलं तर असं सांगायचं. पोरगं डोळे मोठे करून ऐकत होतं आणि प्रत्येक वाक्यागणिक आणखी आक्रसत होतं. सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "खलास. पुरे. घाबरवू नकोस त्याला अजून. मी तिकिटं बघते." तिने कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या. त्या बॅगा नंतर कितीतरी दिवस पॅसेजमध्ये उभ्या होत्या आणि आम्ही सगळे त्यांना वळसा घालून चालत होतो.

मला तू आठवत होतीस. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये कोणीही विचारलं, सिस्टर तुम्ही ख्रिश्चन की कोण, की तू हातातलं काम न थांबवता सांगायचीस, "बेने इस्राएल. तुमच्या गावाकडे शनिवार तेली म्हणतात ना, ते." शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून तेली, हे विचारणाऱ्याला समजलं की नाही याची तुला फिकीर नसायची. एका डॉक्टरांनी चेष्टेत म्हटलं, शनिवारी तुमचा देव काम करू देत नाही म्हणे. तू म्हणालीस, "दिवा लावू देत नाही. इंजेक्शन देऊ देतो. माणूस मरत असला तर तो बाजूला उभा राहतो." मी कोपऱ्यात गृहपाठ करत बसलेली. मला त्या वेळी तुझी लाज वाटली होती की अभिमान, ते आता वेगळं करता येत नाही. पण तू तिथे बोलू शकत होतीस, कारण ते तुझं गाव होतं. हा परक्या मुलखात नोकरी करतो. मी त्याला दोष दिला नाही. दोष कुणाचाच नव्हता, हीच अडचण होती.

रोज आंघोळीच्या वेळी पोरगं मला म्हणायचं, तुझी सुट्टी सांग. मग मी आपल्या मे महिन्यातल्या सहली सांगायची. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, तुझी कांजीची साडी, मांडीवर हे ताट आणि त्यावर घट्ट बांधलेलं फडकं. पुढे एसटी, आणि मग अलिबागजवळचं खंडाळा, जिथे प्रेषित एलियाहू हन्नाबीचा रथ आकाशातून उतरला म्हणतात तो खडक. त्यावरच्या घोड्याच्या टापा, चाकांच्या रेघा. पुरुषमंडळी प्रार्थना म्हणत असायची आणि आम्हा भावंडांचं सगळं लक्ष मलिद्याच्या ढिगाकडे. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर खजूर आणि पाच फळं. मी एकदा, आठ-नऊ वर्षांची असेन, खडकाच्या खळग्यात हात घालून तुला मोठ्याने विचारलं होतं, "आई, हे खरंच घोड्याचे पाय आहेत?" आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. तू रागावली नाहीस. माझा हात त्या खळग्यातून काढलास, त्यात मूठभर मलिदा घातलास आणि माझी बोटं आपल्या बोटांनी मिटवलीस. "आधी खा." एवढंच. त्याचं उत्तर तू नंतरही कधी दिलं नाहीस.

ऑगस्टमध्ये मी म्हटलं, आपण मलिदा करू. सून म्हणाली, "नवीन घरात केलाच नाहीये आपण." प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते कुठून आणणार? एक होता, आणि एक पाच वर्षांचा. शेवटी तुझ्या नातवाचे ठाण्याचे काका फोनवर आले, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, आणि त्यांच्या मागे तो प्रार्थना म्हणत गेला. पडदे ओढलेले. तुझं ताट मधोमध. त्याचा आवाज अगदी बाबांसारखा आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तुझ्या नातवाला ऑफिसमधल्या कोणी सांगितलं होतं की उत्तरेला समुद्राजवळ खडकांवर कोरलेली जुनी चित्रं आहेत, उन्हं चढायच्या आत जाऊन या. उजाडता उजाडता निघालो. उरलेला मलिदा स्टीलच्या डब्यात माझ्या मांडीवर. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना सपाट फिकी जमीन. वाटेत तंबूच्या आकाराचं भलंमोठं स्टेडियम लागलं, भोवती क्रेन. मुलीने विचारलं, "पप्पा, इज दॅट युअर्स?" "नाही गं, माझं दुसरं." पुढे डांबर संपलं, कच्च्या वाटेवर गाडी हादरायला लागली आणि एक कुंपण आलं. फाटकाशी छोटी केबिन, त्यात एक पाकिस्तानी वॉचमन, पिकल्या दाढीचा. त्याने आम्हाला बघून थर्मासचं झाकण लावलं आणि सोबत म्हणून आमच्याबरोबर चालायला लागला. खडक म्हणजे डोंगर नव्हे, जमिनीतून जरा वर आलेल्या पाठी. हवेत आतापासूनच वाफ होती. आणि त्या खडकांवर, आई, खळगे होते. वाटीएवढे गोल, दोन-दोनच्या ओळीत.

पोरगं माझा हात सोडून पुढे पळालं. उकिडवं बसलं. एका खळग्यात मूठ घातली, दुसऱ्यात दुसरी. आणि मग तिथे, उघड्यावर, परक्या माणसासमोर, पूर्ण आवाजात ओरडलं, "आजी! इथे पण आला होता! एलियाहू हन्नाबीचा घोडा इथे पण आला होता!"

सून जागच्या जागी थांबली. मुलीने सवयीने 'ही इज शाय' म्हणायला तोंड उघडलं आणि भावाकडेच बघायला लागली. वॉचमनने हसत विचारलं, "क्या बोला बाबू? कौन आया था?"

पोराने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने बापाकडे बघितलं. चूक झाली हे त्याला कळलं होतं. त्याचे ओठ मिटायला लागले, मला ते डोळ्यांनी दिसत होतं, दार लोटून घ्यावं तसे. तुझा नातू काहीतरी जुळवत होता, मनातल्या मनात वाक्यं तपासत होता, आणि तेवढा वेळ नव्हता. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात कुठल्या क्षणी बोलायचं ते मला कळतं. मी माझ्या शाळेतल्या हिंदीत म्हटलं, "हम यहूदी लोग हैं. हमारे एक नबी हैं, एलियाहू. बच्चा कहता है, ये उनके घोड़े के निशान हैं."

वॉचमन माझ्याकडे बघत राहिला. मग खळग्यांकडे. मग म्हणाला, "इल्यास अलैहिस्सलाम?"

"हाँ. वही."

"मेरे छोटे भाई का नाम इल्यास है," तो म्हणाला. "गाँव में टैक्सी चलाता है. घोड़ा तो नहीं है उसके पास."

आणि पोरगं हसलं. खदखदून, घरातलं हसणं. मग जे सुरू झालं ते थांबेचना. त्याने वॉचमनला बोट धरून खळगे दाखवले. हा पुढचा पाय, हा मागचा. मराठी, इंग्रजी, टीव्हीवरची हिंदी, सगळं एकत्र. "अंकल, घोडा को बहुत प्यास लगा, इसलिए समुद्र के पास आया." वॉचमन गंभीरपणे मान हलवत होता. "साहब लोग बोलते हैं, पुराने ज़माने में यहाँ बैठ के खेल खेलते थे, कंकर डाल के," तो म्हणाला. पोराने ते ऐकलं, आणि आता माझ्याकडे वळलं. "आजी, घोड्याचेच आहेत ना? खरं सांग."

मी विज्ञानाची शिक्षिका. पोराला खोटं सांगत नाही, कुणाच्याच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी डबा उघडला, त्याचा हात खळग्यातून काढला, त्यात मूठभर मलिदा घातला आणि त्याची बोटं मिटवली. "आधी खा," म्हटलं. आवाज तुझा होता. मग वॉचमनलाही दिला. त्याने दोन्ही हातांची ओंजळ केली, बिस्मिल्ला म्हणून तोंडात टाकला, खजुराचं बी बाजूला काढलं आणि म्हणाला, "ये तो हमारी दादी बनाती थी. रोटी का." आम्ही सगळे त्या खडकाशी उभे राहून ऊन तापेपर्यंत खात होतो.

परतताना तुझा नातू दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी चालवत होता. मला वाटलं, रागावला. स्टेडियमचा तंबू पुन्हा दिसायला लागला तेव्हा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मम्मी, तू एकदम सगळंच सांगून टाकलंस."

"हो."

"मला भीती वाटली."

"मलाही," मी म्हटलं. माझ्या शेजारी पोरगं घोड्याच्या आवाजात खिंकाळत होतं आणि मुलगी "विल यू प्लीज स्टॉप" म्हणत होती. तो म्हणाला, "बोलू दे."

पडदे अजून ओढले जातात, तुला खोटं कशाला सांगू? त्याने सावधपणा सोडलेला नाही, आणि मीही त्याला सोड म्हटलेलं नाही. पण पोराला आता एकच सांगितलं आहे. तू बोल. काय लपवायचं ते मोठी माणसं बघतील, ते तुझं काम नाही. मुलाखतीच्या दिवशी आम्ही बाहेर खुर्च्यांवर बसलो होतो. आतून बाईंचा प्रश्न ऐकू आला नाही, उत्तर मात्र आलं. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. मग घोडा सुरू झाला. तुझ्या नातवाने कपाळाला हात लावला. सुनेने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या आणि हसत म्हणाल्या, "ही टॉक्स अ लॉट, डझन्ट ही?" घरी आल्यावर सुनेने चहाही न घेता बॅगा पुन्हा कपाटावर चढवल्या.

उद्या मी परत निघते. तुझं ताट सुनेला देऊन टाकलं आहे. ते घासताना तिने विचारलं, "मम्मी, मुलाखतीसाठी तुम्ही नवस वगैरे बोलला होतात का?" मी म्हटलं, "मी आणि नवस? वेडी आहेस का?" वर्गात मुलींना जन्मभर सांगत आले, नवसाने पेपर सोपा जात नाही. पण आई, त्या संध्याकाळी मलिद्यासाठी खोबरं खवताना मी बोलले होते. पोराला बोलतं कर, खंडाळ्याला येऊन मलिदा करीन. तू गेल्यापासून मी तिथे गेलेली नाही. गुडघ्यांना लाँच आता झेपेल का माहीत नाही, पण जाईन.

हा कागद मी तिथे वाचणार नाही, की कुणाला दाखवणार नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात राहील. सगळे म्हणतात पोराने गप्प बसणं बापाकडून घेतलं. बापाने कुणाकडून घेतलं, ते कोणी विचारत नाही. तू गेलीस त्या सकाळी वॉर्डातल्या नर्स मुली रडत होत्या आणि मी त्यांना विचारत होते की चहा झाला का. तुझी आठवण येते, हे आजवर मी कुणापाशी बोलले नाही. ते घरातलं, असंच धरून चालले होते.